देशी भाजीपाला बियाणे विकण्यापूर्वी: कायद्याच्या चौकटीत करायच्या कामांचा क्रम

वांगी, वाल, घेवडा, दोडका, मिरची, काकडी यांचे जुने वाण जपणारे अनेक जण दोन-तीन हंगामांनंतर बियाणे विकू लागतात आणि जवळजवळ प्रत्येक जण कामाचा क्रम उलटा लावतो. आधी सुंदर पाकिटे छापली जातात, मग समाजमाध्यमांवर मागणी नोंदवली जाते, त्यानंतर कोणीतरी परवान्याची आठवण करून देते आणि उगवणशक्तीची चाचणी तर पहिली तक्रार आल्यावरच होते. देशी वाण विकणे बेकायदा आहे, असा एक समज आहे आणि देशी वाणाला कोणताच कायदा लागू होत नाही, असा दुसरा. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा अधिक महागात पडतो.

लहान विक्रेत्याचा संबंध प्रामुख्याने पुढील कायद्यांशी येतो: बियाणे अधिनियम, 1966 आणि त्याखालील बियाणे नियम, 1968, जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 खाली निघालेला बियाणे (नियंत्रण) आदेश, 1983, आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी 1966 चा अधिनियम अजून लागू आहे की त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आहे, हे जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. खालील सर्व टप्पे 1966 च्या अधिनियमावर आधारलेले आहेत.

## टप्पा 1: आपण शेतकरी म्हणून विकता की व्यापारी म्हणून, हे ठरवा

पुढचे सगळे या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा.

बियाणे अधिनियमाच्या कलम 24 मध्ये शेतकऱ्याला स्पष्ट सूट दिलेली आहे. मात्र तिच्या अटी नीट वाचाव्या लागतात. बियाणे विकणाऱ्याने ते स्वतः पिकवलेले असले पाहिजे, ते त्याने स्वतःच्या जागेवरच विकलेले किंवा दिलेले असले पाहिजे आणि घेणाऱ्याने ते थेट त्याच्याकडून, स्वतःच्या पेरणीसाठी किंवा लागवडीसाठी घेतलेले असले पाहिजे. या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच सूट मिळते. शेजारच्या गावातील शेतकरी आपल्या बांधावर येऊन पावट्याचे बियाणे घेऊन गेला, तर व्यवहार सुटीत बसतो. तेच बियाणे आपण कुरिअरने पाठवले, आठवडी बाजारात मांडले किंवा दुकानदाराला पुढे विकण्यासाठी दिले, की या सुटीचा आधार उरत नाही.

2001 च्या कायद्याचे कलम 39 शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, त्यातील बियाण्यांसह, जतन करण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क देते. संरक्षित वाणाचे बियाणेही यात येते. फक्त ते ब्रँड लावून विकता येत नाही. संरक्षित वाणाचे आहे असे दर्शवणारे लेबल लावून पाकिटात किंवा अन्य वेष्टनात भरलेले बियाणे, असा ब्रँडेड बियाण्यांचा अर्थ याच कलमात दिलेला आहे. हा हक्क मोलाचा आहे आणि तो प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावा. परंतु तो वाणाच्या मालकाच्या दाव्यापासून संरक्षण देतो. बियाण्यांचा नियमित व्यापार करण्याचा परवाना म्हणून तो दाखवता येत नाही.

1983 च्या आदेशानुसार बियाणे विकण्याचा, आयात करण्याचा किंवा निर्यात करण्याचा व्यवसाय करणारी व्यक्ती ‘विक्रेता’ ठरते. तिचा प्रतिनिधीही त्यात येतो आणि अशा व्यक्तीला परवाना लागतो. म्हणून पुढीलपैकी एक जरी गोष्ट आपल्याला लागू होत असेल, तर परवाना लागणार असे धरूनच नियोजन करावे: आपण दुसऱ्यांकडून बियाणे घेऊन पुन्हा पाकिटे भरता, शेतकरी गट किंवा कंपनीमार्फत सदस्यांचे बियाणे एकत्र करून विकता, दुकान, प्रदर्शन किंवा संकेतस्थळावरून नियमित विक्री करता.

इशारा: पैसे न घेता केलेल्या अदलाबदलीला कायदा लागू होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. अधिनियमाच्या कलम 7 मध्ये विक्रीबरोबरच वस्तुविनिमय आणि अन्य प्रकारे पुरवठा करण्याच्या व्यवसायाचाही उल्लेख आहे. बियाणे महोत्सवात दोन शेतकऱ्यांनी मूठभर बियाणे एकमेकांना देणे हा व्यवसाय नव्हे. पण त्याच महोत्सवात देणगीच्या नावाखाली दरपत्रक लावून पाकिटे देणे हा व्यवसाय ठरू शकतो.

तपासणी: बियांप्रमाणेच भाजीपाल्याची रोपे, कंद आणि कलमे यांचाही अधिनियमातील बियाण्यांच्या व्याख्येत समावेश आहे. आपण रोपे विकत असाल, तर आपल्या रोपवाटिकेला कोणती परवानगी लागते हे याच टप्प्यात विचारून घ्यावे.

## टप्पा 2: वाणाची ओळख आणि नाव निश्चित करा

हातातील वाण कायद्याच्या दृष्टीने कोणत्या वर्गात मोडतो, हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत.

वाण अधिसूचित आहे का? केंद्र सरकार बियाणे अधिनियमाच्या कलम 5 खाली वाण अधिसूचित करते, म्हणजे राजपत्रात जाहीर करते. अधिसूचित वाणाला कलम 7 च्या अटी सक्तीने लागू होतात आणि प्रमाणीकरणही फक्त अधिसूचित वाणाचेच होऊ शकते. बहुतेक जुने स्थानिक वाण अधिसूचित नसतात. त्यांचे प्रमाणित बियाणे असूच शकत नाही; ते सत्यतादर्शक लेबल लावून, म्हणजे लेबलावरील माहिती खरी असल्याची जबाबदारी विक्रेत्याने स्वतः घेऊन, विकावे लागते. अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेकडे अशा वाणाचा अर्ज घेऊन जाण्यात महिने घालवू नयेत.

वाण कोणाच्या नावावर नोंदलेला आहे का? पीक वाण संरक्षण प्राधिकरणाची नोंदवही पाहावी. आपण ‘गावठी’ म्हणून जपलेला वाण एखाद्या विद्यापीठाचा किंवा कंपनीचा जुना सरळ (संकरित नसलेला) वाण असल्याचे कधीकधी निघते. तसे असेल आणि संरक्षणाची मुदत चालू असेल, तर ब्रँडेड पाकिटातील विक्री थांबवावी लागेल. भाजीपाल्यासारख्या पिकांना हे संरक्षण नूतनीकरणासह जास्तीत जास्त 15 वर्षे मिळते, त्यामुळे नोंदणीची तारीखही पाहावी.

पाकिटावर लिहायचे नाव मोकळे आहे का? गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाने वाण विकताना हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. उदाहरणार्थ, जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशा नावाचा व्यापारी वापर करण्यापूर्वी मानांकनधारक संस्थेकडे चौकशी केल्याशिवाय छपाई करू नये.

वाण खरोखर आपल्या कुटुंबाने किंवा गावाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला असेल, तर त्याची ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदणी करण्याचा विचार अवश्य करावा. 2001 च्या कायद्याच्या कलम 44 नुसार शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा ग्रामसमुदाय यांच्याकडून या कार्यवाहीसाठी शुल्क घेतले जात नाही आणि प्राधिकरणाचे शाखा कार्यालय पुण्यात आहे. आपले पीक नोंदणीस पात्र पिकांच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. अर्जासोबत वाणाचे वेगळेपण दाखवणारी लक्षणे, त्याच्या उगमाची माहिती, बियाणे निर्बीज करणारे तंत्रज्ञान वापरले नसल्याचे प्रतिज्ञापत्र आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी किंवा कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक यांच्यासारख्या एका अधिकाऱ्याची शिफारस लागते. गावातील लोक जैवविविधता नोंदवहीत वाणाची नोंद आधीच करून ठेवल्यास ही शिफारस मिळवणे सोपे जाते.

इशारा: वाणाची नोंदणी आणि विक्रीचा परवाना या स्वतंत्र गोष्टी आहेत. नोंदणी प्रमाणपत्र दुकानात टांगून परवान्याशिवाय विक्री करता येत नाही. तसेच नोंदणी नाही म्हणून स्थानिक वाणाची सत्यतादर्शक विक्री अडतही नाही.

## टप्पा 3: बीजोत्पादन वेगळे ठेवा आणि शेतातच नोंदी सुरू करा

लेबलावर लिहिलेल्या वाणाच्या नावाची जबाबदारी विक्रेत्यावर असते. ती शेतात पाळली नाही, तर पुढची कोणतीही कागदपत्रे उपयोगी पडत नाहीत. भाजीचा प्लॉट संपल्यावर उरलेली फळे बियाण्यासाठी सोडणे ही सर्वात मोठी चूक होय, कारण तोपर्यंत उत्तम फळे बाजारात गेलेली असतात आणि रोगट झाडे काढून टाकण्याची वेळही टळलेली असते.

विलगीकरण अंतर पिकाच्या परागीभवनावर ठरते. प्रमाणित बियाण्यांच्या मानकांत वांग्यासाठी 100 मीटर आणि मिरचीसाठी 200 मीटर अंतर सांगितलेले आहे. पायाभूत बियाण्यांसाठी, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात त्यांसाठी, ते दुप्पट आहे. मिरची स्वपरागीभवन होणारे पीक समजून तिखट आणि भाजीची मिरची शेजारी लावणाऱ्यांना पुढच्या वर्षी तक्रारी येतात. दुधी, दोडका, कारले, काकडी यांचे परागीभवन कीटक करतात, त्यामुळे तेथे शेकडो मीटर अंतर लागते. लहान शेतात ते मिळत नसेल, तर मादी फूल उमलण्यापूर्वीच झाकावे, उमलल्यावर (काकडी, कारल्याचे सकाळी, दुधी, दोडक्याचे संध्याकाळी) हाताने परागीभवन करावे आणि त्या फळाला खूण बांधावी. वाल, घेवडा, चवळी यांना तुलनेने कमी अंतर पुरते, पण मळणीच्या वेळी सरमिसळ होण्याचा धोका त्यांतच अधिक असतो.

एका शेतातून, एका हंगामात, एकाच पद्धतीने काढलेल्या बियाण्यांचा एक लॉट धरावा आणि त्याला काढणीच्या दिवशीच क्रमांक द्यावा. पेरणीची तारीख, मूळ बियाणे कोठून आले, शेजारी काय होते, किती भेसळ झाडे उपटली आणि काढणी कधी झाली, एवढी नोंद वहीच्या एका पानावर मावते.

तपासणी: मागील वर्षीचे उरलेले बियाणे नव्या लॉटमध्ये मिसळलेले नाही ना? मिसळले असल्यास त्या मिश्रणाची चाचणी कोणत्याही एका तारखेची खरी उगवण सांगू शकत नाही.

## टप्पा 4: परवान्याचा अर्ज पीक शेतात असतानाच करा

पाकिटे तयार झाल्यावर अर्ज करणारे लोक ऐन हंगाम गमावतात. आदेशानुसार अर्ज नमुना ‘ए’ मध्ये करायचा असतो आणि परवाना नमुना ‘बी’ मध्ये मिळतो. शुल्क, सोबतची कागदपत्रे आणि ऑनलाइन अर्जाची जागा यांत बदल होत असल्यामुळे त्या वेळची यादी जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याच्या कार्यालयातून घ्यावी. ही यादी ओळखीच्या दुकानदाराकडून घेऊ नये.

अर्जात विक्रीच्या आणि साठवणुकीच्या जागेचा पत्ता लागतो. बियाणे घरी ठेवून विक्री दुसरीकडे करायची असेल, तर दोन्ही जागा दाखवाव्यात. परवान्यात नसलेल्या जागेवरील साठा हा तपासणीतला नेहमीचा आक्षेप असतो. दुसऱ्या उत्पादकाचे बियाणे विकणार असाल, तर त्याचे उगम प्रमाणपत्र (बियाणे त्याच्याकडून येते याचा दाखला) मिळवून ते परवान्यात समाविष्ट करून घ्यावे लागते.

इशारा: बियाणे अधिनियमात पहिल्या गुन्ह्यासाठी 500 रुपयांपर्यंतच दंड आहे, हे वाचून काही जण निर्धास्त होतात. परवान्याची अट मात्र नियंत्रण आदेशातील आहे आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली येतो. त्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

## टप्पा 5: चाचणी आधी, छपाई नंतर

अधिसूचित वाणांसाठी किमान उगवण आणि शुद्धतेच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. टोमॅटो, वांगी आणि कांदा यांची किमान उगवण 70 टक्के, भेंडीची 65 टक्के, मिरचीची आणि वेलवर्गीय भाज्यांची 60 टक्के धरली जाते. आपला वाण अधिसूचित नसला तरी हीच पातळी खालची मर्यादा मानावी, असे माझे ठाम मत आहे. त्यापेक्षा कमी उगवणारे बियाणे देशी असल्याच्या सबबीवर शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नये.

घरची चाचणी पुढील क्रमाने करावी.

1. लॉटच्या सर्व पोत्यांतून किंवा डब्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे बियाणे घेऊन नमुना बनवावा. टपोऱ्या बिया निवडून घेऊ नयेत.
2. प्रमाण चाचणीत 400 बिया 100-100 च्या चार गटांत तपासतात. साठा फारच थोडा असेल, तर घरच्या अंदाजासाठी 100 बिया चालतील, पण तो आकडा लेबलावर छापू नये.
3. ओलसर कागदावर बिया ठेवून पीकनिहाय दिवस मोजावेत. टोमॅटोची पहिली मोजणी पाचव्या आणि शेवटची चौदाव्या दिवशी होते. मिरची आणि वांग्याची सातव्या आणि चौदाव्या दिवशी. भेंडीला 21 दिवसांपर्यंत थांबावे लागते.
4. फक्त निरोगी मूळ आणि कोंब असलेली रोपेच मोजावीत. नुसते मूळ फुटून सडलेली, वाकडी किंवा कोंब नसलेली बी उगवण म्हणून धरली जात नाही. घरच्या चाचणीत 90 टक्के आणि प्रयोगशाळेत 68 टक्के अशी तफावत बहुतेक वेळा येथेच निर्माण होते.

त्यानंतर नमुना बीज परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा. कोणत्या पिकासाठी किती ग्रॅम लागतात हे आधी विचारावे, कारण लहान लॉटमधला मोठा भाग चाचणीतच खर्च होऊ शकतो. बीजोत्पादनाचे क्षेत्र ठरवतानाच तो हिशेबात धरलेला बरा. नमुन्यापूर्वी बियाणे नीट वाळवलेले असावे. टोमॅटो, वांगी, मिरची यांसाठी 8 टक्के ओलावा ही कमाल मर्यादा आहे आणि हवाबंद पाकिटासाठी ती 6 टक्के आहे. ओलसर बियाणे हवाबंद करणे हे उघडे ठेवण्यापेक्षा घातक ठरते.

तपासणी: अहवालावरील लॉट क्रमांक, वहीतील क्रमांक आणि डब्यावरील क्रमांक अक्षरशः जुळतो का?

## टप्पा 6: लेबल

सत्यतादर्शक बियाण्यांचे लेबल फिकट हिरव्या रंगाचे असते. प्रमाणित बियाण्यांच्या निळ्या रंगाचे लेबल शोभेसाठीही वापरू नये. लेबलावर पीक आणि वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवण आणि शुद्धतेची टक्केवारी, चाचणीची तारीख, वापराची अंतिम तारीख, निव्वळ वजन आणि विक्रेत्याचे नाव व पत्ता असावा. बीजप्रक्रिया केली असेल, तर वापरलेल्या रसायनाचे नाव आणि ते अपायकारक असल्यास बियाणे खाण्यासाठी, पशुखाद्यासाठी किंवा तेलासाठी न वापरण्याची सूचना नियमाने बंधनकारक आहे. बंद पाकिटावर कमाल किरकोळ किंमत आणि वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांतील अन्य तपशीलही पाहून घ्यावेत.

देशी बियाण्यांच्या पाकिटांवर चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली म्हणजे ‘25 बिया’ एवढेच लिहिणे. नियमांना मेट्रिक मापातील निव्वळ वजन हवे असते, बियांची संख्या त्यासोबत खुशाल द्यावी. दुसरी म्हणजे उगवणीचा आकडा पाकिटावर कायमचा छापून टाकणे. प्रत्येक लॉटचा आकडा वेगळा येतो, म्हणून ती जागा शिक्क्यासाठी किंवा स्टिकरसाठी रिकामी ठेवावी. तिसरी चूक अंतिम तारखेची. प्रमाणित बियाण्यांची पहिली वैधता चाचणीच्या तारखेपासून 9 महिने असते, पाकीट भरल्याच्या तारखेपासून नव्हे. सत्यतादर्शक बियाण्यांनाही याहून जास्त मुदत लिहू नये. चौथी चूक दाव्यांची. ‘रोगमुक्त’, ‘प्रमाणित सेंद्रिय’, ‘दुप्पट उत्पादन’ हे शब्द हातात पुरावा असल्याशिवाय लिहू नयेत, कारण तक्रार झाली की तेच शब्द आपल्याविरुद्ध वाचले जातात.

## टप्पा 7: विक्री आणि दप्तर

विक्रीच्या ठिकाणी रोजचा सुरुवातीचा व अखेरचा साठा आणि दरपत्रक लावणे, प्रत्येक ग्राहकाला पावती देणे आणि मागील महिन्याचे विवरण नमुना ‘डी’ मध्ये 5 तारखेपर्यंत परवाना अधिकाऱ्याला पाठवणे ही परवानाधारकाची कर्तव्ये आहेत. विक्री शून्य असली तरी विवरण पाठवावे. पावतीवर पीक, वाण आणि लॉट क्रमांक लिहावा. नुसते ‘बियाणे, 3 पाकिटे’ लिहिलेली पावती कोणाच्याच उपयोगाची नसते.

विकलेल्या प्रत्येक लॉटची संपूर्ण नोंद 3 वर्षे ठेवावी लागते. लॉटचा नमुना मात्र पूर्ण लॉट संपल्यानंतर एका वर्षाने टाकून देता येतो. हा नमुना लहान विक्रेते सहसा ठेवतच नाहीत, आणि ही चूक मला सर्वात गंभीर वाटते. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले, की सदोष बियाण्यांबाबत शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो आणि चाचणीसाठी त्याने बियाणे बाजूला काढून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही. अशा वेळी आपल्याकडील सीलबंद, क्रमांकित आणि कोरड्या जागी ठेवलेला नमुना हाच आपल्या बाजूचा ठोस पुरावा असतो.

अंतिम तारीख उलटलेली पाकिटे विक्रीच्या मांडणीतून त्याच दिवशी काढावीत. जुन्या तारखेवर नवे स्टिकर चिकटवणे म्हणजे लेबलात फेरफार करणे होय, आणि नियमांनी त्याला मनाई केली आहे. बियाणे अजून चांगले असेल, तर नवी चाचणी करावी आणि लेबल कसे बदलायचे हे परवाना अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.

इशारा: परदेशातून पाकिटे टपालाने मागवणे हौशी बागायतदारांना निरुपद्रवी वाटते. वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार त्यासाठी आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. देशी वाणाचे बियाणे परदेशी पाठवताना जैवविविधता अधिनियम, 2002 चाही विचार करावा लागतो. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला ते संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी हवे असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मंजुरीशिवाय देऊ नये.

## टप्पा 8: बियाणे निरीक्षक आल्यास

निरीक्षकाला नमुना घेण्याचा, दप्तर पाहण्याचा आणि 30 दिवसांपर्यंत विक्रीबंद आदेश देण्याचा अधिकार आहे. त्याला अडवू नये. नमुना घेण्यापूर्वी त्याने लेखी सूचना द्यायची असते आणि नमुन्याचे तीन भाग करायचे असतात. एक भाग आपल्याला मिळतो, दुसरा विश्लेषकाकडे जातो आणि तिसरा न्यायालयीन कामासाठी राखून ठेवला जातो. आपला भाग सही-शिक्क्यासह मागून घ्यावा, पंचनामा वाचूनच सही करावी, लॉट क्रमांक चुकीचा लिहिला असेल तर तेथेच दुरुस्त करून घ्यावा, आणि मागणी केल्यास नमुन्याची किंमत मिळते हेही लक्षात ठेवावे.

नियंत्रण आदेशात विश्लेषणासाठी 60 दिवसांची मुदत दिलेली आहे. अहवाल प्रतिकूल आल्यास त्या लॉटची शिल्लक पाकिटे बाजूला काढून विक्री थांबवावी, ज्यांना तो लॉट विकला त्यांना पावत्यांवरून कळवावे आणि कारणे दाखवा नोटिशीचे उत्तर मुदतीत, लॉटच्या नोंदी आणि प्रयोगशाळेच्या अहवालासह द्यावे. खटला दाखल झालाच, तर बियाणे अधिनियमाच्या कलम 16 नुसार न्यायालयाकडे अर्ज करून राखीव नमुना केंद्रीय बियाणे प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी करता येते, आणि तिचा अहवाल आधीच्या विश्लेषकाच्या अहवालाची जागा घेतो. ही मागणी करण्यापूर्वी आपल्याकडील नमुन्याचे सील शाबूत आहे आणि त्यावरील क्रमांक पंचनाम्याशी जुळतो, एवढे वकिलाला प्रत्यक्ष दाखवून घ्यावे.